मागची फुलं

जुन्या शिलाई मशिनी जमवून दुरुस्त करणाऱ्या विपुलच्या शनवारा भागातल्या दुकानात प्रतिभा आपला नंबर यायची वाट पाहत होती. तिच्या पुढे निंबोल्याच्या मालूबाई हातमशीन विकायला आल्या होत्या.

विपुलने मशीन फिरवून पाहिली. "काकू, मशीनवरची समोरची सोनेरी फुलं एकदम नवी आहेत, मागची मात्र कापड घासून साफ गेलीत. उलट्या बाजूला बसून कोण शिवायचं?"

"सासूबाईंची मशीन आहे. पण उलट्या बाजूला कशाला बसतील त्या?"

"तिकडून बसलं की हँडल डाव्या हाताला येतं. डावऱ्या होत्या का?"

"छे. मी डाव्या हाताने पोळी उलटली, तर उलथनं हिसकावून घ्यायच्या."

"त्यांना शिवताना पाहिलंत कधी?"

"नाही भैया. शिवायला बसल्या की आतून कडी लावायच्या."

"मग, ठेवून जाता ना?"

"थांब जरा. आधी मला तिकडून बसू दे."