चाळीस लाल, सगळे हिरवे

...नाही हो, दोष माझा नाही असं मी म्हणतच नाही, पण ऐकून तरी घ्या! तुम्हाला सांगतो, माझं काम काय, तर दवाखान्यातल्या मशीनचं सॉफ्टवेअर तपासायचं, ते शिरेतून थेंब थेंब औषध सोडतं ना, ते. मशीन म्हणणार डोस एक, मी म्हणणार एकच हवा, जुळलं की पडद्यावर हिरवं, नाही जुळलं की लाल. आता जुळवायच्या तऱ्हा दोन, एक कडक, एक ढिली. कडक म्हणते, हा 'एक' म्हणजे आकडा नाहीच, आकड्यासारखं दिसणारं अक्षर आहे, चालणार नाही! ढिली म्हणते, एक दिसतोय ना? मग एकच, या, बसा!

मी कडकच लावली होती हो! चाळीस ठिकाणी लाल. साहेब खुर्चीमागे येऊन उभे, चहाचा कप बरोबर माझ्या डोक्यावर, "अहो, उद्या मशीन द्यायचंय, एक म्हणजे एक, कसला कीस पाडताय? ढिली करा!" केली. एक शब्द बदलला, सगळं हिरवंगार! साहेब म्हणाले, "हिरवं आलं ना? मग झालं!"

आणि पुढे त्याच मशीनला माझा मामा जोडला गेला. मला वाढवलेला मामा, वहीत एक सात वाकडा आला तर अख्खं पान पुन्हा लिहायला लावणारा! ऑपरेशन साधं, तिसऱ्या दिवशी घरी यायचा होता. डोस एक चालू होता, दुखतंय म्हणाला, डॉक्टर म्हणाले, "डोस एकने वाढवा." आकडे असते तर एक नि एक दोन. पण अक्षरं ना! मशीन अक्षरांची बेरीज करत नाही, शेजारी शेजारी ठेवतं... अकरा! सिस्टर म्हणाली, "अकरा?" पण मशीनवर हिरवा दिवा. हिरवं आलं ना? मग झालं!

श्वास थांबला, परत आणला. सतरा दिवसांनी सोडलं. कारकून कागदावर बोट फिरवत, नाकातून, "नाव? बरोबर. वय? बरोबर. गालावर तीळ? बरोबर. सही करा, न्या!" आणि मामा माझ्याकडे बघून म्हणतो, "साहेब, मला कुठे नेताय?" साहेब! मला! जन्मभर 'गाढवा' याखेरीज दुसरी हाक मारली नाही त्यानं...

मामीनं माझी बाही धरली. हळूच म्हणाली, "हेच का रे ते?"

तुम्हीच सांगा, काय बोलू? कडक लावली तर लाल येतं हो! म्हटलं, "नाव जुळतंय, तीळ जुळतोय... कर सही, मामी."

तिनं केली. कारकून म्हणाला, "झालं!"