वाफ्याच्या कडेचा शंख

(संध्याकाळ. बागेत उतरणाऱ्या मागच्या पायऱ्यांवर बाप-लेक बसले आहेत.)

मुलगी: विषय बदलू नका बाबा. उद्या सकाळी टेम्पो येणार आणि तुम्ही माझ्याकडे राहायला येणार. ठरलं ते ठरलं.

बाबा: हळू बोल. स्वारी बाहेर पडली.

मुलगी: कोण स्वारी?

बाबा: रानउंदीर. लिंबाखाली पाला वाजतोय, ऐक.

मुलगी: अगंबाई, आहे खरा. केवढे डोळे, मिरीच्या दाण्यासारखे. पोट पांढरंशुभ्र.

बाबा: तोंडात काय आहे?

मुलगी: गोगलगायीचा शंख वाटतो, रिकामा. वाफ्याच्या कडेला ठेवला. आता हुंगत फिरतोय. परत शंखापाशी आला. पलीकडे गेला. परत शंखापाशी. हे काय चाललंय याचं?

बाबा: खूण आहे ती. जिथं दाणापाणी मिळेल तिथं उठून दिसणारं काहीतरी ठेवतो. मग कितीही भटकला तरी फिरून नेमका तिथंच. तिथलं संपलं की खूण उचलायची, पुढं मांडायची.

मुलगी: एवढ्याशा जिवाला हे शिकवलं कुणी?

बाबा: मला विचारू नकोस. जन्म गेला घड्याळं उघडण्यात, पण इतकं नाजूक यंत्र कधी हाताला लागलं नाही. गेल्या वर्षी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा चहा हातातच गार झाला होता.

मुलगी: माझ्या अंगावर काटा आलाय. पण बाबा, सकाळी बाग झाडताना मी सगळे शंख केरात टाकले.

बाबा: तरीच आज गडबडलाय. जाऊ दे, नवे शोधेल.

मुलगी: इकडेच आला. खालच्या पायरीवर. तुमच्या चपलेचा वास घेतोय.

बाबा: हो, हो. ऐट बघ त्याची.

मुलगी: तुम्ही तिकडे कुठं बघताय? डाव्या चपलेशी होता. गेला पण.

बाबा: गेला का.

मुलगी: बाबा, कधीपासून दिसत नाही तुम्हाला?

बाबा: अगदीच नाही असं नाही. उजेड-अंधार कळतो.

मुलगी: आणि एकटे राहता? चहा करता?

बाबा: झक्कास राहतो. दारापाशी स्टूल, तिथून वळलं की स्वयंपाकघर. साखरेच्या डब्याला रबर, मिठाच्या नाही. न्हाणीच्या पायरीआधी पायपुसणं. कधी धडपडलो नाही.

मुलगी: आणि काल येऊन मी घर आवरलं.

बाबा: चकाचक केलंस. सकाळी चहात मीठ पडलं, पण प्यायलो.

मुलगी: बोलला का नाहीत?

बाबा: बोललो असतो तर टेम्पो आजच आला असता. तुझं घर चांगलं आहे गं. पण तिथं मी दिवसभर एका खुर्चीत बसून राहीन. कुठं हात टाकायचा तेच कळणार नाही. त्याची भीती वाटते मला.

मुलगी: तो परत आलाय. नवा शंख घेऊन.

बाबा: ठेवला?

मुलगी: ठेवला. जुन्याच जागी, वाफ्याच्या कडेला. बाबा, ते स्टूल दाराच्या कुठल्या बाजूला होतं?