पण मधमाश्यांना सांगितलं कोणी?

म्हणजे मला काय वाटलं होतं, चर्चा होईल! तुम्हाला सांगते, दहा वर्षं टोरांटोत साहित्य शिकून मी आमच्या थिसलकोटला परत आले ती एकच स्वप्न उराशी धरून... गावाच्या सभागृहात दर गुरुवारी दुपारी वाचकांचं मंडळ, मध्ये एक पुस्तक, भोवती माणसं, आणि अपराध, न्याय, समाज यांवर अशी काही खडाजंगी की खिडक्यांच्या काचा थरथरल्या पाहिजेत! आणि झालं काय? काचा जागच्या जागी, थरथरले मी. अजून थरथरतेय. हसू नका हो! एकच प्रश्न घेऊन बसलेय त्या दिवसापासून : मधमाश्यांना सांगितलं कोणी?

थांबा, पहिल्यापासून सांगते. पुस्तक मी मुद्दाम सोपं निवडलं, 'किल्लीच्या तीन थापा'. जुनी रहस्यकथा, आमच्यासारखंच खेडं, चर्च, बदामाचा केक, केकात विष, आणि मधमाश्या पाळणारी पाद्र्याची बहीण खुर्चीत बसल्या बसल्या गार. आमच्या गावात हे पुस्तक प्रत्येक घरात आहे, कपाटात नसलं तर डगमगत्या टेबलाच्या पायाखाली. खुनी कसा सापडतो? तर मधपेटीवरून! आमच्याकडे रीतच आहे ना, माश्या पाळणारं माणूस गेलं की कुणीतरी जाऊन घराच्या किल्लीनं पेटीवर तीन थापा मारायच्या, 'तुमची मालकीण गेली गं' म्हणून सांगायचं आणि वर काळी फीत बांधायची. नाही सांगितलं तर माश्या रुसून निघून जातात. तर ह्या पुस्तकातला शहाणा काय करतो, प्रेत सापडायच्या आधीच माश्यांना सांगून मोकळा! खून करेल, पण रीत मोडणार नाही! आता यावर किती बोलता येईल, सांगा... मी मुद्दे पाठ करून गेले होते.

मिसेस पॉटल, म्हणजे चर्चमधल्या फुलांच्या पाळ्या लावणाऱ्या, आणि खरं तर अख्ख्या गावाच्याच पाळ्या लावणाऱ्या, त्यांनी पुस्तक टेबलावर आपटलं. "भिकार आहे."

मी म्हटलं, वा, मत आलं! "का हो?"

"बदामाच्या केकला दोन अंडी? दोनच? फुगेल का तो? विष कसलं न् काय, ती बाई दात तुटून मेली असणार."

आमच्या पाद्रीणबाई ऑड्री गोड हसून म्हणाल्या, "मला बाई खुनी आवडला. दर रविवारी चर्चला येतो, एकदासुद्धा चुकवत नाही. माझ्याकडे असे चारच आहेत."

आणि हॅडोकाका, जन्मभर चर्चच्या आवारात कबरी खणलेला माणूस, नेहमीप्रमाणे सगळ्यांचा चहा ओतता ओतता पुटपुटले, "पुस्तकातली कबर चार फूट. आमच्याकडे चार फुटांवर पाणी लागतं. खोटं लिहिलंय सगळं."

आणि तुम्हाला सांगते, तो चहा कुणी पितच नव्हतं! कप हातात घ्यायचा, फुंकर मारायची, खाली ठेवायचा. पुन्हा उचलायचा, पुन्हा फुंकर. मला वाटलं, चहा वाईट असेल. मी प्यायले, फक्कड होता! मी कप रिकामा केला तर पाद्रीणबाई माझ्याकडे अशा बघायला लागल्या, जशा आजाऱ्याकडे बघतात.

मग मिसेस पॉटलनी शेवटाला हात घातला. "माणूस मरायच्या आधी माश्यांना सांगायला कोण जाईल? खुनी सोडून दुसरं कोण?"

सगळ्यांच्या नजरा हळूहळू... हॅडोकाकांच्या किटलीवर.

"मी नाही सांगितलं," हॅडोकाका म्हणाले. "मी सोमवारी दार ठोठावलं तेव्हा फीत बांधलेलीच होती."

मी म्हटलं, कुठली फीत? काका, पुस्तकात तर रविवार आहे!

"पुस्तकातली नव्हे गं पोरी. तुझ्या विनी आत्याच्या पेटीवरची."

विनी आत्या, माझ्या वडिलांची बहीण, लग्न नाही, मूलबाळ नाही, त्या घरात एकटी. फेब्रुवारीत शेगडीजवळच्या खुर्चीत गेली, सोमवारी आलेल्या हॅडोकाकांना सापडली. डॉक्टर म्हणाले, हृदय. घर आणि मधपेटी माझ्या नावावर, म्हणून तर मी आले! ती काळी फीत मी रोज स्वयंपाकघराच्या खिडकीतून बघते, भांडी घासते, आणि माश्यांचा तो गुंजारव भिंतीतून येतो, असा... आत्या शेजारच्या खोलीत काहीतरी पुटपुटतेय असा. आणि ह्या मंडळींच्या डोक्यात तीन महिने हाच प्रश्न! तीन महिने हॅडोकाकांचा चहा न पिता हे लोक फुंकरा मारत बसलेत! पण मधमाश्यांना सांगितलं कोणी?

उठले मी तडक. म्हटलं चला, बघूच या. मी पुढे, मंडळ मागे, पाद्रीणबाईंच्या हातात कप तसाच. गल्ली ओलांडली, फाटक उघडलं, पेटीपाशी गेले आणि पहिल्यांदाच ती फीत जवळून बघितली. टाइपरायटरची फीत हो! आत्याच्या टाइपरायटरची! आणि गाठी... एकावर एक तीन.

तुम्हाला काय सांगू त्या तीन गाठींचं! टोरांटोला तिचं केकचं पार्सल यायचं, दोऱ्याच्या गाठी सोडवायला आम्ही मैत्रिणी सुरी, कात्री, दात, सगळं वापरायचो. जगात असल्या गाठी मारणारी एकच बाई होती.

मी वळले. कुणाला धक्काच बसला नव्हता! मिसेस पॉटल जमिनीकडे बघत म्हणाल्या, "नाताळात तिच्या मुरंब्याची बरणी यायची. माझा नवरा आधी कात्री शोधायचा, मग चष्मा."

"म्हणजे तुम्हाला ठाऊक होतं?"

"गाठ दिसतच होती, बाळ."

"मग खून खून काय लावलंय? काकांनी कुणाचं काय घोडं मारलंय?"

माश्याच तेवढ्या बोलत होत्या. मग मिसेस पॉटल, ज्या बाईंनी आयुष्यात हळू आवाजात काही म्हटलेलं नाही, त्या हळूच म्हणाल्या, "खून असता, तर तिच्याकडे निदान कुणीतरी आलं होतं असं तरी झालं असतं."

बस्स. आत्याला कळलं असणार, आता आपलं काही खरं नाही. आपण गेल्यावर सोमवारपर्यंत कुणी फिरकायचं नाही, मग माश्यांना सांगणार कोण? म्हणून उठली, फीत काढली, किल्ली घेतली, तीन थापा मारल्या, आपल्या मरणाची बातमी आपणच दिली, आणि खुर्चीत जाऊन बसली. आणि तिकडे टोरांटोत मी एकाकीपणावर निबंध लिहीत होते. छान गुण पडले.

हॅडोकाका तेवढे म्हणाले, "चहा गार झाला." पाद्रीणबाईंनी हातातला कप एका दमात संपवला. गार, तसाच. मग मिसेस पॉटल सभागृहात जाऊन दोन कप प्यायल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी उठले, घराची किल्ली घेतली, पेटीवर तीन थापा मारल्या. म्हटलं, "बायांनो, मालकीण गेली हे तुम्हाला तिनंच सांगितलंय. नवी कोण ते कुणी सांगितलं नाही. मी आहे. मी इथंच राहणार. आणि ऐका, मंडळ आता सभागृहात भरणार नाही. दर गुरुवारी एकाच्या घरी, पाळीपाळीनं, कुणाचं दार सुटायचं नाही. पहिला गुरुवार हॅडोकाकांकडे, केकसुद्धा तेच करणार."

कुंपणापलीकडून आवाज आला, "बदामाचा?"

मिसेस पॉटल! कधीपासून उभ्या होत्या, देव जाणे! मी म्हटलं, "हो, बदामाचा. येणार ना?"

"येऊ की. पण पहिला तुकडा तू खायचा."

आता काय करता? म्हटलं, खाईन.