आइसलँडवाल्यांबरोबरची मॅच

"कार्यक्रम वेळेत सुरू करा" म्हणतेयस? अगं, तुला आमची आइसलँडवाल्यांबरोबरची मॅच माहीत नाही वाटतं! नव्वद सालच्या सुमाराची, इंग्लंडमधल्या स्लाऊ गावातली गोष्ट. आइसलँडच्या एका चिमुकल्या गावातला क्लब टूरवर आला होता. गाव एवढंसं, की तीच माणसं फुटबॉल खेळायची, तीच हँडबॉल आणि तीच बॅडमिंटन. आमच्या मराठी मंडळाशी बॅडमिंटन ठरलं. लेझर सेंटरचा, म्हणजे तिथल्या क्रीडासंकुलाचा, हॉल तासाभरासाठी बुक केलेला, त्यानंतर तिथे कराटेचा क्लास.

पाहुणे बुटांच्या नाड्या आवळून कोर्टवर उड्या मारतायत, आणि आमच्याकडे वाद कशावरून, तर पाहुण्यांना शाल कोणी घालायची! मंडळात गट दोन, म्हणून अध्यक्षही दोन. शेवटी राणेकाकांनी शाल घातली, देवधरकाकांनी नारळ दिला. मग दोघांचीही भाषणं. मी रॅकेट घेऊन नुसत्या येरझाऱ्या घालतेय.

"देवधरकाका, आवरा ना, हॉल जाईल!"

"अगं, पाहुण्यांचं नीट करायला नको?"

"ते खेळायला आलेत!"

"राणे एवढं बोलले, मी दोन शब्दही नको?"

दोन शब्द संपेपर्यंत कराटेची पोरं दारात हजर. केअरटेकरने नेट सोडायला घेतलं. तेवढ्यात पाहुण्यांचा कॅप्टन माझ्याकडे आला. अंगावर शाल, हातात हँडबॉलसारखा धरलेला नारळ.

"समारंभ फारच सुंदर झाला," तो म्हणाला. "पण मॅच कधी?"

म्हटलं, "आत्ता झाली तीच. दोन्ही अध्यक्ष चांगले खेळले. ड्रॉ झाली."