बोर्डापुढं न्यायची तयारी

—रडून काय व्हतंय बाई? कागद वाचू दे मला. वीस टक्के! गाडीखाली सुरुंग फुटून ज्याचं डोकं कामातून गेलं, त्या फौजी माणसाला अपंगत्व वीस टक्के. काहून, सांगू? तुझ्यामुळं. व्हय, तुझ्यामुळं. फौजेच्या मेडिकल बोर्डाच्या डॉक्टरानं काय लिहिलंय बघ — 'स्वच्छ कपडे, दाढी केलेली, बराबर उत्तरं देतो.' दाढी कुणी केली? तूच. इस्त्री कुणी केली? नाव, नंबर, पलटण, लेकीचं नाव आरोही — महिनाभर घोकून घेतलं म्हणतीस. कशापायी? तर मोठ्या लोकांपुढं नवऱ्याचं हसू व्हऊ नये! बघायचा कार्यक्रम व्हता का तिथं, शिवकन्या?

चिडत न्हाई मी. सटवाजी हवालदार चिडत नसतो, अख्ख्या जवळा बाजार गावात विचार. फौजेत कारकुनी केली बावीस वर्सं, त्यातली सहा अशाच एका बोर्डात. हे 'बराबर उत्तरं देतो' मीच टाइप करायचो ना — डॉक्टर जेवायला गेला की माझ्या मनानंच टाकायचो, सगळ्यांना तेच, लवकर उरकावं म्हणून. किती जणांना? — ते सोड. ते सोड तू. तुझ्या नवऱ्याचं, प्रभूचं बोलू.

अपील मी लिहितो. तुझं काम एकच, शिकवलेलं विसरू दे. नाव विचारायचं न्हाई, दाढी करायची न्हाई, घास भरवायचा न्हाई — भरवलं की शांत व्हतो म्हणतीस ना? मंग नकोच. अन् आरोहीला मामाच्या गावाला धाड, हट्ट्याला. दोन महिने पोरगी दिसली न्हाई की तिचं नाव ध्यानातून जाईल त्याच्या. जाऊ दे. लेकीचं नाव सांगणाऱ्याला टक्के वाढवून देत न्हाईत. परत आठवंल का? — मला काय ठाऊक, मी काय डॉक्टर हाये?

आवाजाला भितो म्हणतीस, ते नुसतं लिहून भागत न्हाई, दिसाय पाहिजे. व्हिडिओ जोडू. धर मोबाइल. नीट धर. मी ह्या पत्र्यावर एक दणका देतो. प्रभू, इकडं बघ—

अरं! अरं सोड — ऊठ, ऊठ माझ्या अंगावरून! डोकं दाबून राहिला माझं जमिनीला — काय पुटपुटून राहिला हा? 'खाली ऱ्हावा साहेब, वर मी हाये'... बाई, उठव ना याला! थरथर कापतोय, पण सोडत न्हाई मला... झाकून पडलाय...

उठला. हां. चष्मा दे माझा.

काढलास व्हिडिओ? सगळा? पुसून टाक. पुसून टाक म्हणतो ना! हे बघितलं तर बोर्ड म्हणंल, गडी ड्युटीला लायक हाये — हायेत ते वीसबी जातील. पुसलास? दाखव.

आज लिहिणं व्हणार न्हाई. न्हाई म्हणलं ना. अन् माझ्याकडं काय बघतीस? घेऊन जा त्याला.