एर्मेकचं इंजिन

पडलं म्हणून सांगतोय ना मास्तर, हातातून निसटलं आणि पायरीवर पडलं, त्यात एवढं काय बघायचं. भिंग कशाला लावताय. कान तुटलाय तो तर नुसत्या डोळ्यांनी दिसतोय – तो खालचा, बोल्ट बसतो तिथला – तेवढंच झालंय. तुम्ही मला फक्त एक सांगा, हे दुरुस्त होतंय का नवं घ्यायचं. रविवारच्या आत. चहा नको, पिऊन आलोय. बरं ओता, पण मी बसणार नाही. रविवारी एर्मेकदादाला जाऊन वर्ष होतंय, त्याचं वर्षाचं जेवण आहे, तुम्हाला आमंत्रण आलं असेलच, आईनं बाजारातल्या सगळ्यांना सांगितलंय. तुम्हाला तर सगळ्यांत आधी सांगितलं असेल, या छोट्या विमानांचं वेड तुम्हीच लावलंत ना त्याला. मला नाही लागलं. मी एकदाच आलो होतो तुमच्या वर्गाला, तुम्ही बालसाचं लाकूड घासायला दिलंत आणि मी पातं मोडून पळालो, आठवतंय? नसेल आठवत. मला कुठंच बसवत नाही, शाळेतही नाही बसवलं. दादा म्हणायचा, याच्या बुडाखाली निखारा ठेवून पाठवलंय देवानं. आणि तो स्वतः – तुम्हाला माहितीये तो कसा बसायचा. अख्खा हिवाळा या एका इंजिनापुढं बसला होता. अंगणात फळीवर ठोकून, थोडं चालवायचं, बंद करायचं, गार होऊ द्यायचं, परत चालवायचं. पिस्टन आणि त्याची नळी, लायनर, एकमेकांना ओळखायला लागले पाहिजेत म्हणायचा. शेजारची म्हातारी कुंपणावरून विचारायची, काय रे, तुझ्या डासाला खोकला झालाय का.

जाम आहे, हो. फिरत नाही. पडल्यावर जाम झालं असेल. नाही होत? पडून कान तुटतो, पण जाम नाही होत – बरं, तुम्ही म्हणता म्हणजे नसेल होत. मग आधीच झालं असेल. वर्षभर पेटीत पडून होतं. त्याला कुणी हात लावायचा नाही असं ठरलं होतं ना. म्हणजे असं – दादाला माती दिली त्या दिवशी तुर्दुबेककाका म्हणाला, पूर्वी माणूस गेला की त्याच्या घोड्याची शेपूट कापायचे, वर्षभर कुणी त्याच्यावर बसायचं नाही, आणि वर्षाच्या जेवणाला तोच घोडा कापायचे. याला घोडा कुठं होता, म्हणाला. शहरातलं पोर, सायकल होती. तर आई एकदम म्हणाली, आहे की, त्याचं इंजिन आहे. कुणी हात लावायचा नाही वर्षभर. तिनं ते पेटीत ठेवलं, लग्नातल्या मोठ्या पेटीत, रजयांच्या खाली, आणि किल्ली गळ्यात. काकानं शेवटी घोडा विकत आणलाच, परसात बांधलाय, बरा आहे घोडा, पण तो काय दादाचा नाही. मी त्याला गवत घालतो. तो माझ्याकडं बघतो, मी त्याच्याकडं बघतो, दोघांनाही काही वाटत नाही.

मला काहीच वाटत नाही मास्तर, खरंच. लोक विचारतात. तिकडं रशियात बांधकामावरून पडला, त्यांनी विमानात घालून पाठवून दिला. जन्मभर विमानं केली आणि स्वतः दोनदाच विमानात – जाताना खिडकीशी, येताना सामानात. मी विमानतळावर गेलो होतो आणायला. कागदावर अंगठ्याएवढी सही केली आणि भूक लागली. तिथंच उभं राहून समोसा खाल्ला. गरम होता. हे मी कुणाला सांगितलेलं नाही.

तर इंजिन. जिर्गालनं ठरवलंय, दादाचा तो मित्र, टॅक्सी चालवतो तो – तो म्हणतो घोड्यांच्या शर्यती लावतात ना जेवणाला, आपण विमानांची झुंज लावू. साखर कारखान्यामागच्या मैदानात. दोन विमानं तारेला बांधून गोल फिरवायची, शेपटाला कागदाची पट्टी, ज्यानं दुसऱ्याची पट्टी कापली तो जिंकला. दादा तेच खेळायचा ना सारखा. काका म्हणतो, बापजाद्यांनी घोडे पळवले, ही कार्टी डास उडवणार. पण आईनं हो म्हटलं. आई म्हणाली, एर्मेकचं पहिलं उडवा. मला त्याचा आवाज ऐकायचाय. तिला आवाजाचा किती राग यायचा माहितीये, चपला फेकायची त्याच्या अंगावर. आणि आता तिला तोच ऐकायचाय. म्हणून म्हणतो, होत असेल तर करा, नसेल होत तर जिर्गालकडे नवंकोरं आहे, अडीच सीसीचंच, तो द्यायला तयार आहे, म्हणतो दादाच्या विमानाला लावू, कुणाला कळणार. पण आईला कळेल. अख्खा हिवाळा ऐकलंय तिनं. दादाच्या इंजिनाचा आवाज थोडा घोगरा होता, नाही का? तुम्ही सांगा, नवं इंजिन घोगरं करता येतं?

हसू नका. नाही हसलात, बरं.

काय म्हणता – लायनर बदलायचा. मग पिस्टनही. हो, ते माहितीये मला, जोडीनंच बदलतात, एकट्याला अर्थ नाही, तेवढं दादानंच शिकवलं. आणि बाहेरची खोळ तर बदलायचीच, कान तुटला म्हणजे. मग राहिलं काय त्याचं? वरचा स्क्रू? डोकं? मग ते दुरुस्त कसलं, नवंच झालं की. मास्तर, कान फुटला नसता तर? नुसता गंज असता तर? – रॉकेलमध्ये बुडवून ठेवलं असतं. किती दिवस? आणि मग हळूच गरम करून. म्हणजे सुटलं असतं. दादाचीच जोडी राहिली असती.

हं.

असं बघू नका माझ्याकडं. तुम्हाला दिसलंय ना सगळं त्या भिंगातून. गंज जुना आणि फूट ताजी, चकचकीत. दिसणारच. बरं, ऐका, पण हे इथंच राहू द्या, आई या गल्लीत बटाटे घ्यायला येते. गंज वर्षाचा आहे, पण हवेनं नाही लागलेला. दादा ते एरंडेलात भिजवलेल्या मोज्यात ठेवायचा, लोकरीच्या, फळीवर, तसंच ठेवून रशियाला गेला होता. म्हणाला होता, वसंतात येतो, तोवर मोजा काढू नकोस. तो गेल्यावर बायका जमल्या कपडे धुवायला – गेलेल्या माणसाचे कपडे धुऊन वाटतात ना – सगळ्या ढिगात तो मोजाही गेला. आईनं त्यातून इंजिन काढलं. दुसरी कुणी असती तर बाजूला ठेवलं असतं. आई म्हणाली, माझ्या पोराचं काही मळकं राहायला नको. तिनं ते कोमट पाण्यात घातलं, साबण लावला, भांड्याच्या ब्रशनं घासलं, आतून पाणी काढलं, परत पाणी घातलं, मी बघत होतो, दारात उभा होतो – मला कळत होतं काहीतरी चुकतंय, पण मी काय सांगणार, तिचे हात थांबत नव्हते. मग चुलीजवळ वाळवलं, पांढऱ्या फडक्यात गुंडाळलं आणि पेटीत. आणि वर्षभर हात लावायचा नाही. एक थेंब तेल घालता आलं असतं कुणाला. पण ठरलं होतं ना.

परवा तिनं किल्ली दिली मला. म्हणाली, काढ, तेलपाणी कर, रविवार आलाय. मी फडकं सोडलं, तर लाल पाणी सुकल्यासारखे डाग. क्रँक फिरवून बघितला, दगड. आणि ती आत पीठ मळत होती, तिथून विचारतेय, कसं आहे रे, स्वच्छ आहे ना? स्वच्छ आहे ना म्हणाली, मास्तर. मी काय करायला हवं होतं? डोकं असतं तर तुमच्याकडे आणलं असतं. डोकं दादाकडे होतं. तिला कळलं असतं की आपल्याच हातानं – ते तिला नको कळायला. वर्षभर ती त्या पेटीवर हात ठेवून झोपलीय. म्हणून मी बाहेर गेलो आणि पायरीवर आपटलं. एकदा नाही तुटलं, परत आपटलं. मग ओरडलो, आई, पडलं माझ्या हातातून. ती आली, पिठाचे हात तसेच. खाली वाकून तुकडा उचलला. मला वाटलं मारेल. म्हणाली, तुझ्या हाताला कधी अक्कल यायची रे. एवढंच. शांत. मग आत जाऊन परत मळायला लागली. मला वाटलं, सुटलो. ती मला शिव्या घालेल आयुष्यभर, चालेल, मला घालायच्याच असतात कुणीतरी.

तर आता तुम्ही फक्त एवढं करा, ती आली, विचारलं, तर म्हणा पडूनच बिघडलं. गंजाचं बोलू नका. म्हणा, धाकट्यानं घात केला.

का? मान का हलवताय?

कोण आलं होतं?

आई? इथं? – कधी, गेल्या आठवड्यात? म्हणजे किल्ली मला द्यायच्या आधी. तिनं उघडून बघितलं होतं आधीच. काय विचारलं तिनं? – पाण्यानं जातं का हो इंजिन. असं विचारलं. इथं, याच स्टुलावर बसून. आणि तुम्ही सांगितलंत, रॉकेलमध्ये बुडवा, पोराकडून पाठवून द्या, बघतो. आणि ती हो म्हणाली. म्हणजे ती मला तेच सांगणार होती. पीठ मळून झालं की सांगणार होती.

आणि मी मधेच आपटलं.

मग ती बोलली का नाही. पायरीवर तुकडा हातात घेऊन उभी होती, सगळं माहीत होतं तिला, मी का आपटलं तेही कळलं असणार, तिला कसं नाही कळणार – आणि म्हणाली काय, तर अक्कल कधी यायची. म्हणजे मी तिला वाचवतोय हे कळूनच ती मला –

नको, तुम्ही नका सांगू काही.

ठेवा ते. नवं नको. दुरुस्त करा, जे राहील ते राहील, वरचा स्क्रू राहिला तरी चालेल. रविवारची घाई नाही आता, रविवारी जिर्गालचं उडू दे, जिर्गालचं म्हणूनच उडू दे. चहा राहू द्या मास्तर. जातो मी. ती घरी एकटीच आहे.