वॉर्निशचा हात

नेमबाजी का सोडली, असं विचारता ना? मी नाही सोडली, आमच्या काकांनी वॉर्निश लावून बंद केली.

निवड चाचणी परवावर आली होती. बाबांनी बजावलं होतं, यंदा निवड झाली नाही तर लग्न. मला नेमबाजी शिकवणाऱ्या रोह्याच्या सुभेदारांनी रायफलच्या काडतुसांच्या नव्या, रिकाम्या पितळी पुंगळ्या माझ्याकडे दिल्या. “नव्या असल्या तरी तोंडं चेपलेली असतात. ती गोल कर, आतली धार घासून आण, मग दारू भरू.” जोह्यात काकांच्या गणपतीच्या कारखान्यात बसून मी सगळ्या घासल्या, फळीवर उभ्या केल्या आणि जेवायला गेले.

परत आले तर सगळ्या झगमगत होत्या.

“काका, हे काय केलंत?”

“वॉर्निश मारला गो. पितळ काळं पडतंय ना. आतूनपन मारलाय, कसर नाय ठेवली.”

“आत दारू भरायची असते.”

“मंग भर की. मी कुठं नाय म्हनतो?”

मोठी माणसं विचारत नाहीत, करून मोकळी होतात. थिनरने बाहेरचं निघालं, पण आतलं चिकटून बसलं, दारू पेटवणारी ठिणगी जिथून आत जाते ती बुडाची भोकं बुजली. सुभेदारांनी एक पुंगळी उजेडात धरली आणि मान हलवली. चाचणीपर्यंत दुसऱ्या मिळणार नव्हत्या.

पुढच्याच महिन्यात मला बघायला पाहुणे आले. काकांनी पुंगळ्यांवर आणखी एक हात मारून त्या ताटात मांडल्या. “आमच्या पोरीनं सोता घासल्यात.”

मुलाच्या आईने एक उचलून पाहिली. “छान आहेत हो. अगरबत्तीला होतील.”